पानांवरचे डाग : औषधाआधी निदान

कार्यालये, हॉटेले व दुकाने यांना शोभेच्या कुंड्या विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा धंदा थोड्या भांडवलात उभा राहतो. मात्र त्यातली सारी कमाई पानांवर असते. डाग पडलेला डिफेनबॅकिया गिऱ्हाईक परत करतेच, शिवाय शेजारच्या चार कुंड्यांकडेही संशयाने पाहते. मग घाईने बुरशीनाशक आणून फवारले जाते. डाग बुरशीचा नसेल तर तो पैसा फुकट गेला.

निदानाला प्रयोगशाळा लागतेच असे नाही. डागाच्या कडेने पेनाने रेघ ओढावी आणि चार-पाच दिवस थांबावे. डाग रेघेबाहेर गेला नाही तर तो बहुधा रोग नव्हेच. उन्हाने भाजलेला चट्टा उन्हाकडच्या पानांवरच असतो. ड्रॅसिनाची टोके करपतात ती पुष्कळदा पाण्यातील क्षार व फ्लोराइडमुळे. बारीक फिकट ठिपके आणि पानाखाली जाळी दिसली तर तो लाल कोळी; त्याचे औषध वेगळे.

रेघ ओलांडणारा डाग उजेडासमोर धरावा. बुरशीचा डाग बहुधा कोरडा, गोलसर, कधी वर्तुळात वर्तुळ असलेला. जिवाणूचा डाग पाणी मुरल्यासारखा, तेलकट, बऱ्याचदा शिरांमध्ये अडून कोनदार झालेला. खरी धास्ती याचीच. 1980 च्या दशकात हवाईमध्ये झँथोमोनास या जिवाणूने अँथुरियमच्या बागा उजाड केल्या आणि अनेक छोटे बागायतदार धंद्यातून उठले. हा जिवाणू खोडात शिरला की औषध चालत नाही. झाड मातीसकट पिशवीत बांधून टाकून द्यावे. पन्नास रुपयांची कुंडी वाचविताना पन्नास कुंड्या जातात.

बुरशी असल्यास रोगट पाने काढावीत, प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसावी. पाणी सकाळी, मुळाशीच द्यावे. पाने चकचकीत दिसावीत म्हणून संध्याकाळी फवारा मारण्याची सवय दोन्ही रोगांना आमंत्रण देते. कुंड्यांत हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे. एवढ्याने न थांबल्यास कॉपर ऑक्सिक्लोराइड वेष्टनावरील प्रमाणातच, उघड्यावर, तोंडाला फडके बांधून फवारावे. डागाळलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. नवी पाने स्वच्छ आली म्हणजे उपाय लागू पडला.

घाऊक बाजारातून आलेला नवा माल आणि भाड्यावरून परतलेल्या कुंड्या दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. एका गिऱ्हाईकाकडून उचललेली कुंडी थेट दुसऱ्याकडे पोहोचवू नये.