पाठीवरच्या यंत्राचा धातू

मुक्ताईनगरच्या केळीच्या बागांत यंत्रं दोन तऱ्हेची: जागेवर बसणारी आणि माणसाने अंगावर वागवायची. मॅग्नेशियमचा मिश्रधातू दुसऱ्या तऱ्हेच्याच कामाचा, असं माझं मत आहे. साच्यात दाबाने ओतल्या जाणाऱ्या ‘एझेड९१डी’ या अशाच मिश्रधातूमध्ये सुमारे ९ टक्के अॅल्युमिनियम आणि थोडं जस्त असतं. त्याची घनता घन सेंटिमीटरला १.८ ग्रॅम, अॅल्युमिनियमची २.७, पोलादाची ७.८. म्हणूनच झाडं कापणाऱ्या चेन-सॉचं कवच अनेकदा याचं असतं. यावर पहिला आक्षेप ताठपणाचा: तो अॅल्युमिनियमच्या दोन-तृतीयांशाहून कमी. पण पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. जाडी साधारण १६ टक्के वाढवली की ताठपणा बरोबरीला येतो आणि वजन तरीही पाचव्या हिश्शाहून जास्त घटतं. आगीची भीती निम्मीच खरी. कातकामाचा बारीक चुरा भडकतो, अखंड कवच सहजी पेटत नाही. (चुऱ्याच्या आगीवर पाणी मात्र चुकूनही मारू नये, हायड्रोजन सुटतो.)

खरा आक्षेप गंजाचा. लोह, निकेल, तांबं अत्यल्प ठेवल्याने ‘डी’ प्रत टिकाऊ झाली, हे खरं. पण खतमिश्रित पाण्यात पोलादी बोल्ट थेट मॅग्नेशियमला टेकला, की त्या जोडाचा विद्युतघट होतो आणि झिजतं ते मॅग्नेशियमच. रंगाचा थर आणि मध्ये अॅल्युमिनियमचा वॉशर हवाच. शिवाय सुमारे १२० अंशांपुढे भाराखाली हा धातू हळूहळू सरकतो. जागेवर बसणाऱ्या, खताचं पाणी ओढणाऱ्या ठिबकच्या पंपाला म्हणूनच बीडच बरं.