कर्करोगाच्या आधीचा बंदोबस्त

स्वादुपिंडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिका दिसतात. निरोगी नलिकेचं अस्तर म्हणजे बुटक्या पेशींची एकेरी रांग. एखाद्या नलिकेत मात्र याच पेशी उंच झालेल्या, श्लेष्म्याने फुगलेल्या दिसतात आणि अस्तराला घड्या पडलेल्या असतात. पॅथॉलॉजिस्ट या बदलाला 'पॅनइन' म्हणतात. स्वादुपिंडाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगाची सुरुवात बहुधा इथून होते. पण असे बदल मोठ्यांच्या स्वादुपिंडात सर्रास असतात. 2024 साली 'नेचर'मध्ये आलेल्या त्रिमितीय पाहणीत दर घन सेंटिमीटरला सरासरी 13 सापडले. त्यातल्या जवळपास सगळ्यांचं पुढे काहीच होत नाही.

बिघाड सुरू होतो तो बहुतेक वेळा 'केआरएएस' या जनुकात. पेशीला वाढीचा आदेश देणारी ही कळ एरवी चालू-बंद होत असते. बिघडली की चालूच राहते. तिथपासून खरा कर्करोग व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ जातो, असा 2010 सालच्या एका जनुकीय अभ्यासाचा अंदाज आहे. मग एवढी वर्षं प्रतिकारपेशी काय करत असतात?

त्या आलेल्या असतात, पण दुरुस्तीच्या कामावर. बिघडलेली पेशी 'जीएम-सीएसएफ' नावाचं प्रथिन सोडते आणि अस्थिमज्जेतून निघणाऱ्या पेशींना बोलावून घेते, हे 2012 मध्ये उंदरांवरच्या दोन अभ्यासांत दिसलं. मॅक्रोफेजही जमतात. बोट कापलं की याच पेशी आधी घाण साफ करतात, मग मारामारी थांबवून वाढीची द्रव्यं सोडतात, तंतू बनवणाऱ्या पेशींना कामाला लावतात आणि मारक टी-पेशींना आवरतात. जखम भरली की हे सगळं थांबतं. इथे कळच बंद होत नाही, त्यामुळे दुरुस्तीही संपत नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या 2007 सालच्या अभ्यासात उंदरांमध्ये पॅनइनच्या टप्प्यावरच टी-पेशींना दाबणाऱ्या पेशी हजर होत्या. मारक 'सीडी8' टी-पेशी मोजक्याच, आणि त्याही बहुतांशी थंड. म्हणजे बंदोबस्त कर्करोगाच्या आधीच लागलेला.

माणसात चित्र जरा वेगळं आहे. पॅनइनप्रमाणेच पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणाऱ्या 'आयपीएमएन' या द्रवाच्या पिशव्या एमआरआयमध्ये दिसतात, शस्त्रक्रियेने काढल्याही जातात, त्यामुळे टप्प्याटप्प्याचे नमुने मिळतात. 2019 मध्ये अशा थोड्याच नमुन्यांतली एकेक पेशी तपासली, तेव्हा सौम्य बदलांभोवती मारक टी-पेशी आणि त्यांना शत्रू ओळखून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी होत्या. बदल जहाल होत गेले तशा त्या घटत गेल्या. मला हा फरक समजण्यासारखा वाटतो. त्या उंदरांत बिघडलेलं जनुक गर्भातच साऱ्या स्वादुपिंडभर पसरवलेलं असतं. माणसात ते मोठेपणी एखाद्या पेशीत बिघडतं.

मग दाबणाऱ्या पेशी काढून टाकल्या तर? मिशिगनमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये उंदरांतल्या नियामक टी-पेशी काढल्या, आणि रोग उलट वेगाने वाढला. कारण या पेशींचं 'टीजीएफ-बीटा' हे द्रव्य तंतू बनवणाऱ्या पेशींना एका संयत रूपात ठेवत होतं. ते मिळेनासं झाल्यावर तंतू बनवणाऱ्या पेशींनी अस्थिमज्जेतून येणाऱ्या, टी-पेशींना दाबणाऱ्या पेशींना आणखी बोलावलं. एक पहारा उठवला, तर दुसरा बसला.

कर्करोग पक्का होतो तेव्हा गाठीचा मोठा भाग तंतूंचा आणि अशा जमलेल्या पेशींचाच असतो; टी-पेशी बऱ्याचदा कडेलाच अडकतात. टी-पेशींचे ब्रेक सोडवणारी जी औषधं त्वचेच्या मेलानोमावर चालली, ती इथे मोजक्या रुग्णांतच लागू पडतात ती यामुळेही. म्हणून काही संशोधकांनी आधीचा टप्पा गाठायचं ठरवलं आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये घराण्यातून धोका आलेल्या, पण अजून कर्करोग न झालेल्या लोकांना बिघडलेल्या केआरएएसची ओळख करून देणारी लस देऊन पाहिली जात आहे.