साहेब काढा, राजा टाका

सकाळी 9. साकीनाक्याच्या सिग्नलला रिक्षा सोडली आणि खैरानी रोडवरून चालत गाळ्यावर आलो. शटर, उदबत्ती, कॉम्प्युटर. लग्नपत्रिकेचं प्रूफ, बचत गटाची पावतीपुस्तकं. डीटीपीवाल्याचं पोट यावरच.

11.30. एकांकिकेची पोरं आली. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायचीय. महाराष्ट्रात त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय नाटक उभं करता येत नाही. याविरुद्ध अमोल पालेकर 2016 साली मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. लिहिणारा पोरगा म्हणाला, "काका, सगळीकडचं 'साहेब' काढा, 'राजा' टाका."

"एकदम बदलू? पान 7 वर बाबासाहेबांचा पुतळा आहे. बाबाराजांचा होईल."

पोरगा चपापला. शिवाय 'साहेबांनी'चं 'राजाांनी' होतं, एकावर एक दोन काने. म्हणून एकेक साहेब हातानं गाठत बसलो. तासाभरात साहेब संपले, पण राजा अजून मोबाईलवर टेंडरबद्दलच बोलत होता.

"वाचणाऱ्याला कळणार रे."

"कळू दे. कागदावर नको."

दुपारी 2. डबा खाताना त्याला खाडिलकरांचं 'कीचकवध' सांगितलं. नाटक 1907 चं. त्यात व्हाइसरॉय कर्झनचं नाव नाही, सगळं महाभारतातलं. तरी पिटातल्या माणसाला कीचक कोण ते पक्कं ठाऊक होतं. इंग्रजाला तेवढं समजायला 1910 उजाडलं, मग बंदी आली. मला विचाराल तर राजापेक्षा कीचक बरा. राजा कुणाचाही असतो, त्यात लपायचं म्हणजे चाळीच्या जिन्याखाली लपणं. पलीकडे घाटकोपरला, चिरागनगरात राहणाऱ्या अण्णाभाऊ साठ्यांनीही तमाशावर बंदी आली तेव्हा लोकनाट्य उभं केलंच की.

दुपारी 4. प्रिंटरमध्ये कागद अडकला. तेवढ्यात पोरानं मोबाईलवर सीरियातल्या अली फरझात यांचं व्यंगचित्र दाखवलं. लिबियाचा गडाफी गाडी घेऊन पळतोय आणि सीरियाचा तेव्हाचा अध्यक्ष बशर असद बॅग घेऊन लिफ्ट मागतोय. हा व्यंगचित्रकार वर्षानुवर्षं निनावी जनरल काढायचा, पोट सुटलेले, छातीवर पदकंच पदकं. लोक ओळखायचे. 2011 मध्ये त्यानं असदचा चेहराच काढला. त्याच ऑगस्टमध्ये दमास्कसमध्ये बुरखाधाऱ्यांनी त्याला गाडीतून ओढून हात मोडले. पुढं परदेशात त्यानं पुन्हा चित्रं काढली. आपल्याकडे अर्ज, प्रती, शिक्के. दोन्ही एका मापानं मोजू नयेत. पण आधी नाव गाळायचं आणि ओळखण्याचं काम बघणाऱ्यावर सोपवायचं, ही युक्ती दोन्हीकडे एकच.

संध्याकाळी 6.30. प्रती निघाल्या, स्पायरल झालं. पैसे स्पर्धेनंतर.

रात्री 8.30. असल्फ्याच्या समाजमंदिरात तालीम. राजा झालेल्या पोरानं वाक्य संपवलं आणि खांद्यावरचं उपरणं दोन बोटांनी मागं सारलं. संहितेत हे कुठंच नाही. खुर्च्या लावणारी दोघं फिस्सकन हसली.

दिग्दर्शकानं तालीम थांबवली. "हे एकदाच कर. दुसऱ्यांदा केलंस की आपण मुद्दाम दाखवलं असं होतं."

"कुठल्या वाक्याला?"

"टेंडरच्या नको. जेवणाच्या."