लॅमिंग्टन रोडचा हिशेब

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडं चाललं की पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव दिसतं. पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगावं लागतं. 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव लोकांच्या तोंडून अजून गेलेलं नाही. एका पिढीसाठी हा रस्ता सिनेमाचा. मिनर्व्हाला ‘शोले’ पाच वर्षं चालला तो इथेच. त्यानंतरच्या पिढीसाठी हा रस्ता म्हणजे मदरबोर्ड, रॅम आणि कॅबिनेट. कॉलेजात असताना खिशात मोजके पैसे आणि वहीच्या कागदावर भागांची यादी घेऊन मीही या दुकानांच्या पायऱ्या चढलो आहे.

इथे एक प्रश्न मला नेहमी पडत आला. दहा बाय दहाच्या गाळ्यात बसून, सुटे भाग जोडून, गिऱ्हाईक सांगेल तसं मशीन तयार करून विकणाऱ्या माणसाला त्यात सुटतं तरी काय?

या धंद्याचं बीज आयबीएमने 1981 साली पेरलं. घाईत पीसी बाजारात आणायचा म्हणून कंपनीने प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली आणि जवळजवळ सगळं मशीन बाजारात मिळणाऱ्या भागांतून उभं केलं. आयबीएमची खरी स्वतःची अशी राखीव वस्तू उरली ती बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारी मूळ आज्ञावली. कॉम्पॅक या दुसऱ्या कंपनीने तिला तोडीस तोड बायोस स्वतः लिहून काढला आणि दार सताड उघडलं. 1984 साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातला मायकल डेल हा पहिल्या वर्षाचा मुलगा हजार डॉलरच्या भांडवलावर होस्टेलच्या खोलीत मशीनं जुळवून विकू लागला. आज डेल म्हणून ओळखली जाणारी कंपनी ती हीच.

लॅमिंग्टन रोडला या कामासाठी नव्याने हात घडवावे लागले नाहीत. रेडिओचे व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, कंडेन्सर यांचा बाजार इथे आधीपासून होता आणि डाख लावणारी, म्हणजे सोल्डरिंग करणारी माणसंही होती. भारताने 1997 साली माहिती-तंत्रज्ञान वस्तूंवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने काढण्याच्या जागतिक करारावर सही केली आणि 2005 पर्यंत ते शून्यावर आलं. सुटे भाग स्वस्त झाले. पुण्याच्या पेठांतल्या छापखान्यांत श्रीलिपी आणि पेजमेकर चालवणारी मशीनं, तालुक्याच्या गावची सायबर कॅफे, सीएच्या ऑफिसातली टॅलीची मशीनं यांतली कितीतरी असेंबल्ड असत. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत यूपीएस विकूनही दुकानदाराला चार पैसे सुटत.

आता हिशेब मांडू. समजा 60,000 रुपयांचं मशीन आहे, सगळे कर धरून. 18 टक्के जीएसटी वजा केला की दुकानदाराच्या हाती साधारण 50,850 उरतात. त्याला भाग कराशिवाय 48,300 ला पडले असं धरलं तर सुटले 2,550. या अडीच हजारांत काय काय बसतं ते पाहा. गिऱ्हाइकाशी दोन वेळा तासभर बोलणं, तीनदा बदललेलं कोटेशन, भाग गोळा करायला धावणाऱ्या पोऱ्याचा पगार, जोडणीचे दोन-तीन तास, रात्रभर चाचणीला लागणारी वीज, गाळ्याचं भाडं आणि पुढच्या तीन वर्षांत येणारे फोन. माझे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण चित्र बदलणार नाही. मोठ्या वितरकांचंही गणित असंच आहे. मुंबईची राशी पेरिफेरल्स 2024 च्या फेब्रुवारीत शेअर बाजारात आली. 2022-23 या वर्षात तिची उलाढाल सुमारे 9,450 कोटींची होती आणि निव्वळ नफा 123 कोटींच्या आसपास. म्हणजे शंभर रुपयांमागे सव्वा-दीड रुपया. वितरक हे आकड्यांच्या डोंगरावर निभावतो. गाळेवाल्याकडे डोंगर नाही आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर प्रत्येक भागाची ऑनलाइन किंमत उघडी असते.

त्यात हा माल पालेभाजीसारखा आहे. आज आणलेलं ग्राफिक्स कार्ड सहा महिने कपाटात राहिलं आणि नवी मालिका आली की त्याची किंमत उतरते. डेलने मोठं होताना हेच हेरलं होतं. आधी ऑर्डर, मग जोडणी, आणि पुरवठादाराचे पैसे द्यायच्या आत गिऱ्हाइकाचे पैसे हातात. लॅमिंग्टन रोडने तीच गोष्ट आपल्या पद्धतीने साधली. इथे कोणीही सगळा माल भरून ठेवत नाही. ऑर्डर पक्की झाली, ॲडव्हान्स घेतला की पोऱ्या निघतो. बोर्ड एका दुकानातून, एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून, कॅबिनेट गल्लीतल्या गोडाऊनमधून. अख्खा रस्ताच एक सामाईक कोठार आहे. दुकानादुकानांत स्पर्धा आहे आणि उधारीही आहे; संध्याकाळी हिशेब मिटतो. हा विश्वास कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, पण तो नसता तर या रस्त्यावर निम्मी दुकानंही टिकली नसती, असं मला वाटतं.

जोडणी बघायला मला अजूनही आवडतं. कॅबिनेटमध्ये पितळेचे छोटे स्टँड-ऑफ बसवायचे, नाहीतर बोर्ड पत्र्याला टेकून शॉर्ट व्हायचा. हल्लीच्या प्रोसेसरच्या पिना बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात. इंटेलने हा बदल 2004 साली केला, एएमडीने आपल्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी 2022 साली. त्यातली केसासारखी एक पिन वाकली की वॉरंटी नाकारली जाते आणि बोर्डाचा भुर्दंड जोडणाऱ्यावर. म्हणून प्रोसेसर ठेवताना चांगला कारागीर बोलत नाही. मग थर्मल पेस्ट, पंखा, केबलींची बांधणी. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडद्यावर अक्षरं उमटेपर्यंतचे ते पाच-दहा सेकंद अनुभवी माणूसही श्वास रोखून उभा असतो.

पण या धंद्याचा खरा भार जोडणीनंतर सुरू होतो. ब्रँडेड मशीन बिघडलं तर एका नंबरवर फोन करायचा. असेंबल्ड मशीनला अशी एक वॉरंटी नसतेच. प्रोसेसरची तीन वर्षं, एसएसडीची तीन किंवा पाच, चांगल्या एसएमपीएसची सात-दहा, कॅबिनेटच्या पंख्याची एक. प्रत्येक कंपनीचं सर्व्हिस सेंटर वेगळं आणि तिथल्या अटी वेगळ्या. मशीन अधूनमधून आपोआप बंद पडतं, एवढंच गिऱ्हाईक सांगतं. दोष रॅमचा, बोर्डाचा, एसएमपीएसचा की घरातल्या अर्थिंगचा, हे शोधणं दुकानदाराच्या वाट्याला येतं. मग आरएमएचा, म्हणजे सदोष भाग परत पाठवण्याचा फॉर्म, रांग, रिप्लेसमेंटची वाट. मुंबईची खारी दमट हवा कनेक्टरवर गंज धरते. या शतकाच्या सुरुवातीला तर मदरबोर्डांवरचे कॅपॅसिटर फुगायचे. सदोष रसायनाचे कॅपॅसिटर जगभरच्या बोर्डांत गेले होते, पण शिव्या खाल्ल्या त्या गाळेवाल्याने.

हे काम त्याने अनेक वर्षं फुकट केलं, ही माझ्या मते या व्यवसायाची सर्वांत मोठी चूक. कोटेशनमध्ये जोडणीचा आकार लिहायची लाज वाटायची आणि विनापरवाना विंडोज फुकटात टाकून दिलं जायचं. ते बेकायदा तर होतंच, शिवाय आपल्या ज्ञानाला किंमत नसते असं गिऱ्हाइकालाही त्यातून शिकवलं गेलं. किमतीवरच लढायचं तर या धंद्यात मोठेही टिकत नाहीत. विप्रो आणि एचसीएल या दोघांनीही 2013 च्या सुमारास पीसी बनवणं सोडलं.

ज्यांनी पैसा मिळवला त्यांनी गिऱ्हाईक निवडलं. 1996 साली मायामीत दोन मित्रांनी एलियनवेअर सुरू केली ती फक्त गेम खेळणाऱ्यांसाठी. दहा वर्षांनी डेलने ती विकत घेतली. त्याच 2006 साली भारतीय वंशाच्या राहुल सूद यांची कॅनडातली व्हूडू पीसी एचपीने घेतली. मला त्याहून शिकण्यासारखी वाटते ती अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली, 2000 साली सुरू झालेली प्युजेट सिस्टिम्स. ही मंडळी व्हिडिओ संपादक, वास्तुरचनाकार, संशोधक यांच्यासाठी मशीनं करतात. प्रीमियर किंवा फोटोशॉप कुठल्या प्रोसेसरवर कसं चालतं याच्या चाचण्या स्वतः घेतात आणि निकाल सर्वांसाठी जाहीर करतात. त्यांच्या गिऱ्हाइकाला त्याचं काम समजणारा माणूस हवा असतो आणि त्याचे पैसे तो आनंदाने देतो. आपल्याकडे लग्नाचे व्हिडिओ कापणारा, सांगलीतला आर्किटेक्ट, घरातल्या घरात एआयची मॉडेलं चालवू पाहणारा विद्यार्थी ही तशीच गिऱ्हाइकं. महिन्याचं काम अडकलं तर हजार रुपयांची बचत त्यांच्या काय कामाची?

तेव्हा फायदा आहे का? फक्त डबा विकणाऱ्याला नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. निदान, सल्ला आणि नंतरची देखभाल यांचे पैसे उघडपणे मागणाऱ्याला आहे, तोही बेताचा. कारण बाजार त्याच्या हातात नाही. 2011 मध्ये थायलंडला पूर आला आणि हार्ड डिस्क महागल्या. 2021 मध्ये क्रिप्टो खणणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलली; 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने खणण्याची पद्धतच बंद केली आणि त्याच कार्डांचे वापरलेले ढीग बाजारात आले. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचा बाजार शोषून घेतला. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर क्रुशियल हा सर्वसामान्यांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं डिसेंबरमध्ये जाहीर केलं. अशा दिवसांत कोटेशनच्या तळाशी ‘दर आजच्या दिवसापुरता’ असं लिहिण्यावाचून गत्यंतर नसतं.

माझी मशीनं जुळवून देणाऱ्या दुकानदाराकडे कापडी पाठीचं एक जाडजूड रजिस्टर आहे. प्रत्येक मशीनची तारीख, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर, वॉरंटी संपण्याचा महिना, सगळं निळ्या शाईत. गेल्या खेपेला मी नवं मशीन घ्यायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी माझं पान काढलं, जुनं मशीन उघडलं, एसएसडी आणि एसएमपीएस बदलून दिला, तपासणीचे आठशे रुपये वेगळे लावले आणि म्हणाले, “साहेब, रॅम उतरेपर्यंत हेच वापरा.” मी पैसे देत असताना ते पुढची पानं उलटत होते. येत्या महिन्यात तीन वर्षं पुरी होणाऱ्या सात मशीनवाल्यांना त्यांना वार्षिक देखभालीसाठी फोन करायचे होते.