उरल्यासुरल्यांची शाखा

दरवर्षी दहावीचा निकाल लागला, की माधवनगरापासून विश्रामबागेपर्यंत घरोघर एकच वाटणी सुरू होते. ज्याला गुण चांगले, त्याने विज्ञानाकडे जावे. ज्याला मध्यम, त्याने वाणिज्याकडे वळावे. आणि ज्याचे कोठेच जमत नाही, त्याला कलाशाखेत लोटून आईबापांनी मोकळे व्हावे. मुलाला इतिहासाची गोडी आहे काय, भाषेत त्याची गती आहे काय, हे कोणी विचारीत नाही. उत्तम गुण मिळविलेल्या एखाद्या मुलीने तत्त्वज्ञान शिकण्याची इच्छा दर्शविलीच, तर तिला कोणाची बाधा तर झाली नाही ना, अशा मुद्रेने घरची वडील मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात!

यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य घालविलेल्या बापाला मुलाने पगाराची नोकरी धरावी असे वाटल्यास आम्ही त्याला दोष देणार नाही. महिनाअखेरीस ज्याला पिठाचा डबा चाचपून पाहावा लागतो, त्याला ज्ञानासाठी ज्ञान हा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. परंतु त्याचा हिशेब बरोबर आहे काय, हे तपासणे आमचे काम आहे. आज ज्या कसबाला मागणी आहे ते मुलाच्या चाळिशीपर्यंत टिकेल, असे या हिशेबात गृहीत धरलेले असते. हातमागाचा यंत्रमाग झाला, यंत्रमागाचा बिनधोट्याचा माग होऊ लागला, हे माधवनगरकरांस आम्ही सांगावयास नको. संगणकाची आज्ञावली लिहिणे हे कालपर्यंत खात्रीचे कसब होते. आता ती लिहिणारीही यंत्रे निघाली आहेत.

याच मुलखात, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. त्यांचे दारिद्र्य आजच्या कोणत्याही यंत्रमागवाल्याच्या दारिद्र्याहून कमी नव्हते. एम. ए. होताना त्यांनी आईला पत्राने कळविले, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर मी लोकांच्या कामी पडणार आहे. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांवर पोसलेल्या या माणसाने मराठीच्या वाक्यरचनेवर ‘वाक्यमीमांसा’ लिहिली, शेक्सपिअरचा हॅम्लेट ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणला, आणि त्याच बुद्धीने बालविवाह व विधवांचे केशवपन यांना आधार काय, असा रोकडा सवाल समाजाला केला. व्याकरण, नाटक आणि समाजसुधारणा हे त्यांचे तीन वेगळे छंद नव्हते. शब्दाचा अर्थ काटेकोर लावण्याची सवय जडलेल्या मनाला रूढीचा पोकळ शब्दही ऐकवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आगरकर ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, तिनेच १९१९ साली सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय काढले. त्याच वर्षी भाऊराव पाटलांनी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. विलिंग्डनमध्ये मराठीच्या शेजारी कानडीही मोठ्या तोलामोलाने शिकविली जाई. कानडी वाङ्मयाचा इतिहास लिहून १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविणारे रं. श्री. मुगळी येथे अध्यापक होते, आणि पुढे ज्ञानपीठ मिळविणारे वि. कृ. गोकाक येथे प्राचार्य होते. सांगलीच्या मराठी पोराने कानडी कवितेचा तास कशासाठी ऐकावा, असे त्या काळीही कोणी म्हटले असेलच.

त्याचे उत्तर कृष्णेने दिले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन साली तिचे पाणी सांगलीत शिरले. दर वेळी अलमट्टीचे नाव निघाले. ब्रिजेश कुमार लवादाने २०१० साली त्या धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली, तेव्हापासून या वादाला धार आली आहे. फुगवट्याचे गणित अभियंत्याने मांडावे, हे खरे. परंतु लवादाच्या निवाड्यातील कोणते वाक्य कोणाला बांधते, पूररेषेच्या आत घरे कोणी व कोणाच्या शिक्क्याने उभारली, विजापूर-बागलकोटच्या शेतकऱ्याचे म्हणणे त्याच्या भाषेत काय आहे, पूर चढत असता मोबाईलवर धरण फुटल्याची आवई आली तर तिची शहानिशा कशी करावी, यांपैकी एकही गोष्ट गणिताने सुटत नाही. यांस इतिहास, कायदा, भाषा आणि पुराव्याची पारख लागते. ज्या जिल्ह्याने आपली बुद्धिमान मुले या विषयांपासून वळवून नेली, त्याची बाजू शेजारच्या राज्यापुढे मांडणार कोण?

आता कलाशाखेच्या कैवाऱ्यांनाही दोन शब्द. आज या शाखेत जे चालते त्यास शिक्षण म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. मूळ ग्रंथ न उघडता मार्गदर्शक पुस्तके घोकावी, अपेक्षित प्रश्नसंचावर परीक्षा निभवावी आणि पदवी घेऊन पुन्हा स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत बसावे, या क्रमात विचार करण्याचा प्रसंगच येत नाही. अध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून तासिकेच्या मोलाने माणसे राबविणारे सरकार तर या दुर्दशेचे मोठे वाटेकरी आहे. पुढचा तास मिळेल की नाही, या विवंचनेतील शिक्षकाने विद्यार्थ्याला निर्भय प्रश्न विचारावयास शिकवावे, ही अपेक्षा चमत्कारिक होय.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील भिंती कागदावर तरी पाडल्या आहेत. तेव्हा आमची मागणी साधी आहे. १९४७ साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, ज्यास पुढे वालचंदांचे नाव मिळाले, तेही विश्रामबागेतच आहे. तेथील मुलांनी विलिंग्डनमध्ये येऊन तर्कशास्त्र व इतिहास शिकावा, आणि विलिंग्डनच्या कलाशाखेतील मुलांनी तेथे जाऊन पाण्याचे व संख्यांचे शास्त्र शिकावे; दोहोंचे गुण पदवीत धरावे. परीक्षेत प्रत्येक विषयास निदान एक प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात छापलेले नाही. रिकाम्या जागा पूर्ण वेतनाने भराव्या. आणि माधवनगरच्या शाळांनी येत्या निकालापूर्वीच पालकांस बोलावून, कलाशाखेतून वकिली, पत्रकारिता, भाषांतर, अध्यापन आणि सरकारी सेवा यांच्या वाटा कोठून फुटतात, हे त्यांस नीट समजावून द्यावे.