पागोळीच्या आतली कुंडी

रत्नागिरीसारख्या गावी, जेथे मृग लागल्यापासून हस्त सरेपर्यंत ३००० मिलिमीटरांच्या आसपास आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो, जेथे कपाटातल्या पोथ्यांना बुरी येते आणि दोरीवरची धोतरे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेथे रोपवाटिकेतून ‘सक्युलंट’ या नावाने मिळणारी मांसल पानांची झाडे कुंडीत जोपासू पाहणाऱ्याने प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. ही झाडे आपल्याकडे सहसा तहानेने मरत नाहीत. ती मरतात पाण्याने, आणि ते पाणी बहुधा आपणच मायेने घातलेले असते.

आमच्या आत्याच्या पडवीत, तळाशी भोके पाडलेल्या एका जुन्या मडक्यात कोरफड होती. भाजल्या-पोळल्यावर गर लावायला ती लागे, त्यामुळे घरात तिचा मान तुळशीच्या खालोखाल. एका श्रावणात आत्या आठ-पंधरा दिवस परगावी गेली आणि घरातली देखरेख माझ्याकडे आली. मडक्यातली माती वरून सुकल्यासारखी दिसे, म्हणून मी रोज सकाळी तिला तांब्याभर पाणी घालीत असे. आत्या परतली तेव्हा खालची पाने काचेसारखी अर्धपारदर्शक झाली होती; बुंध्याला हात लावताच सबंध झाड मुळांपासून सुटून हाती आले, आणि काळ्या पडलेल्या मुळांना आंबलेल्या पेजेसारखा वास येत होता. “अरे, पाणी लागू नये म्हणून तर तिला मिरगाआधी आत घेतली होती,” एवढेच ती म्हणाली. तिच्या त्या वाक्यात या विषयाचे अर्धेअधिक शास्त्र होते, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले.

त्या शास्त्राचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच देशात हाती लागलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात असलेले वनस्पतिज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने दिवसाच्या निरनिराळ्या वेळी चावून पाहिली. तेच पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे किंचित कडवट लागते, हे त्यांचे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली छापले. सामान्य झाड दिवसा आपली पर्णरंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्याच वाटेने पुष्कळ पाणी गमावते. पानफुटी आणि तिच्यासारखी मांसल झाडे मात्र ती दारे उन्हात मिटून ठेवतात, रात्रीच्या गारव्यात उघडतात, आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपाने पानात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाश मिळताच त्या बेगमीतून आपले अन्न तयार करतात. पहाटेचा आंबटपणा तो हाच. ज्या झाडाचा पाण्याचा खर्च असा हात राखून चालतो, त्याला रोजचा रतीब लावला म्हणजे पाणी मुळांशी तुंबते, मातीतल्या पोकळ्यांमधली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात, आणि मग कुजवणाऱ्या बुरशीला आयते रान मिळते.

यावर कोणी विचारील की मग पाऊसच या जातीचा वैरी म्हणावा काय? तसे मुळीच नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर, जुन्नरच्या शिवनेरीसारख्या ठिकाणी, शिंदळ माकुडी नावाची एक दुर्मिळ मांसल वनस्पती आढळते. वनस्पतिज्ञ डाल्झेल यांनी १८६५ साली तिचे वर्णन करून मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे शास्त्रीय नाव दिले. पावसाळ्यात ती पानांनी भरते, तांबूस-किरमिजी रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुले धरते, आणि पुढे कोरडे दिवस आले की पाने झाडून नुसत्या मांसल दांड्यांवर काळ कंठते. तिच्यावर पाऊस काही कमी पडत नाही. पण उभ्या कड्याच्या फटीत ओंजळभर मातीत ती रुजलेली असते, आणि पडलेले पाणी तेथे घटकाभरही थांबत नाही. कुंडी भरताना डोळ्यांपुढे ठेवावा तो हा कडा. रोपवाटिकेतून झाड येते ते बहुधा काथ्याच्या भुशात. तो पावसाळ्यात दिवसेंदिवस ओल धरून ठेवतो, म्हणून झाड आणल्यावर शक्य तितक्या लवकर तो झटकून टाकावा आणि जांभ्याची बारीक खडी व नदीची जाड वाळू निम्म्याहून अधिक घालून उरलेल्या भागात माती व मुरलेले शेणखत मिसळावे. समुद्रावरची वाळू कितीही सुरेख दिसली तरी खारी असते, ती नको. कुंडी मातीचीच असावी, आणि तिच्याखालची बशी मृगाच्या आधी काढून ठेवावी.

आता पाण्याच्या वेळापत्रकाकडे वळू. थंड मुलखांतल्या पुस्तकांतून उन्हाळ्यात पाणी द्यावे व हिवाळ्यात आवरावे असा दंडक आढळतो आणि आपल्याकडचे अनेक हौशी लोक तो तसाच पाळतात. तेथे हिम पडते, म्हणून हिवाळा हा झाडांच्या निद्रेचा काळ. रत्नागिरीत हिम कोठले? आपल्याकडे दिवाळीनंतरचे स्वच्छ ऊन, कोरडी हवा आणि गार रात्री हाच यांपैकी बहुतेक झाडांच्या वाढीचा हंगाम असतो, हे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. कार्तिकापासून माघापर्यंत, माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी लागली म्हणजे, साधारण आठवड्याने, तळाच्या भोकातून वाहीपर्यंत भरपूर पाणी द्यावे. रोज चमचा-चमचा शिंपडण्याने वरची माती तेवढी ओली होते आणि खालची मुळे उपाशी राहतात.

फाल्गुनात पूर्वेचा तापलेला वारा सुटला की कुंडी लवकर सुकते खरी, परंतु झाड स्वतः उन्हाने अर्धवट झोपी गेलेले असते. तेव्हा त्याला दुपारच्या सावलीत न्यावे आणि आठ-दहा दिवसांनी, सूर्य कलल्यावर, बेताने पाणी द्यावे. आगोटीची कामे निघाली, झापे बांधून पडवी झाकू लागले, की कुंड्याही पागोळीच्या आत, पण उजेडाच्या बाजूला घ्याव्यात. आषाढ-श्रावणात हवेतच इतकी ओल असते की महिना-महिना पाणी न घातले तरी चालते. पान सुरकुतले आणि कुंडी उचलून हलकी लागली तरच कडेने अर्धी वाटी पाणी सोडावे. पान मऊ पडले असून कुंडी जड लागत असेल, तर मुळे सडू लागली आहेत असे समजावे व झाड तत्काळ उपटून पाहावे.

आत्याने त्या दिवशी तेच केले होते. बुंध्याशी फुटलेले बोटभर लांबीचे एक पिल्लू अजून निरोगी होते. ते तिने विळीवर कापून वेगळे केले, माजघरातल्या कोरड्या कोनाड्यात आठवडाभर नुसते ठेवले, आणि कापलेल्या जागी खपली धरल्यावर कोरड्या खडीत रोवले. पुढे पंधरा दिवस तिने त्याला पाण्याचा थेंब दाखवला नाही, आणि मलाही दाखवू दिला नाही. कोजागिरीच्या सुमारास त्याच्या मधोमध नव्या पानाचे हिरवे टोक वर आले, तेव्हा तिने मला हाक मारून तांब्या माझ्या हाती दिला.