पिवळे पान काय सांगते?

मागच्या पावसाळ्यात आमच्या अम्मींचा मोगरा मरता मरता वाचला. रत्नागिरीतले जुने कौलारू घर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा अंगणातल्या मोगऱ्याची एक फांदी कुंडीत लावून त्यांनी सोबत आणली होती. त्या अंगणाची तेवढीच एक खूण आमच्याकडे उरली आहे. जुलैमध्ये त्याची पाने पिवळी पडू लागली. आम्ही घाबरून खत घातले. पाने आणखी पिवळी झाली. मग पाणी वाढवले, तर झाडाने मानच टाकली. शेवटी अम्मी म्हणाल्या, "औषध नंतर. आधी त्याला दुखतंय कुठं, ते तर बघा!"

कुंडी उपडी केली तेव्हा सगळे उघड झाले. खालचे भोक मातीने बुजले होते आणि पांढरी असायला हवीत ती मुळे तपकिरी, मऊ व कुबट वासाची झाली होती. मुळांना हवाच मिळत नव्हती. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून माती ओली असूनही झाड सुकलेले दिसते. आम्ही त्यालाच तहान समजलो होतो.

आधी पान कोणते ते पाहा

तळाचे एखादे जुने पान पिवळे होऊन गळाले, तर ते त्याचे वय झाले म्हणून. पण खालची बरीच पाने एकसारखी फिकी पडत वर सरकू लागली, तर बहुधा नत्र कमी पडले आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या गॅलरीतल्या कुंडीतले नत्र त्यात वाहून जाते. पावसाचा जोर ओसरल्यावर मूठभर कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत द्यावे.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर लोह मिळत नाही असे समजावे. अनंत आणि जास्वंदीवर हे लगेच दिसते. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह भरपूर असते. पण कुंडीत बांधकामाचा सिमेंट-चुन्याचा राडारोडा मिसळला असेल, तर झाडाला ते घेता येत नाही. अशा वेळी माती बदलणे हाच खरा उपाय. हीच खूण जुन्या पानांवर दिसली, तर मॅग्नेशियम कमी पडले असावे.

डाग कसा आहे?

हापूसवाल्या बागायतदारांना करपा सांगायला नको. घरच्या झाडांवरही असे बुरशीचे डाग पडतात. ते बहुधा गोलसर, मध्ये तपकिरी आणि कडेला पिवळी झाक असलेले असतात. गुलाबावर काळे डाग पडून पाने पिवळी होतात व गळतात. जिवाणूंचा डाग पाण्यात भिजल्यासारखा दिसतो आणि शिरांमध्ये अडल्याने कोनदार होतो. लिंबाच्या पानावर खरखरीत, उठावदार फोड व भोवती पिवळे वलय दिसले, तर तो खैऱ्या रोग.

या सगळ्यांत पहिला इलाज एकच: डागाळलेली पाने तोडून कचऱ्यात टाकावीत, पडलेली वेचावीत, कुंड्यांत अंतर ठेवावे आणि पाणी पानांवर न शिंपडता सकाळी मुळाशी घालावे. पान जितका वेळ ओले राहते, तितके रोगाचे फावते.

एप्रिल-मेमध्ये पानावर बारीक फिकट ठिपके दिसले, तर पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. कागदावर ठिपके चालू लागले, तर ती कोळी कीड. पानांची खालची बाजू पाण्याने जोरात धुवावी. उन्हाच्या बाजूलाच कागदासारखा पांढुरका चट्टा पडला, तर ऊन लागले आहे. टोके आणि कडा करपल्या, तर खत जास्त झाले असेल किंवा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचा त्रास असेल. नेच्याच्या पानाखाली रांगेत बसलेले तपकिरी ठिपके मात्र रोग नव्हे. त्या त्याच्या बीजाणूंच्या पुड्या आहेत.

तरीही कळले नाही तर?

दोन-तीन रोगट पाने कागदी पाकिटात घालून कृषी अधिकाऱ्यांना दाखवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजतात. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. पुदिना, कढीपत्ता अशा रोजच्या खाण्यातल्या झाडांवर मनाने कोणतेही औषध मारू नये.

आमचे म्हणाल, तर आम्ही कुजलेली मुळे कापली, तांबडी माती, वाळू आणि थोडे शेणखत मिसळून मोगरा नव्या कुंडीत लावला आणि बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागेपर्यंत पाणी दिले नाही. महिन्याभराने एक हिरवा कोंब फुटला. यंदा उन्हाळ्यात सात कळ्या आल्या. अम्मींनी त्या तोडू दिल्या नाहीत. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि जुन्या अंगणाचा वास घरभर पसरला.